साभार परतही न आलेली गोष्ट

संपादक : ताई, आधी एवढं स्पष्ट करा. तुमची गोष्ट त्या अ‍ॅपने काढून टाकली की नाही?

लेखिका : नाही काढली, सर. काढली असती तर तसं चारचौघांत सांगता तरी आलं असतं. गोष्ट जागेवर आहे. कुणाला लिंक पाठवली तर उघडते आणि पहिल्या भागापासून वाचताही येते. पण अ‍ॅपवर शोधली तर सापडत नाही, नव्या गोष्टींच्या यादीत येत नाही, आणि जे वाचक मला फॉलो करतात त्यांच्या फोनवर नव्या भागाची सूचना जात नाही. वाचकाने वाट निवडायची, असा हा कथाप्रकार आहे. भाग संपला की खाली दोन-तीन पर्याय येतात आणि वाचक ज्यावर बोट ठेवेल तिकडे कथा वळते. माझी नायिका घाटंजीकडच्या एका गावात राहते. तीन एकर कोरडवाहू वावर, सातबारा सासऱ्याच्या नावावर, कापूस घरात पडून आणि भाव उतरलेला. सावकाराकडे जायचं, माहेरी भावापुढे हात पसरायचे, की बचत गटाच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोलायचं, हे वाचक ठरवतो. एका भागात मी आणखी एक पर्याय ठेवला. गोठ्याच्या कोपऱ्यात फवारणीचं औषध ठेवलेलं आहे आणि तिची नजर तिकडे जाते. त्या भागापासून गोष्ट दिसेनाशी झाली. कुणी तक्रार केली की यंत्राने आपणहून टिपलं, हे मला आजही ठाऊक नाही. तरी मी त्या अ‍ॅपवर लिहिणं सोडणार नाही, आणि तिथे देखरेख नकोच असंही म्हणणार नाही.

संपादक : इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. मी जिल्ह्याच्या गावात बसून दिवाळी अंक काढला. आलेलं हस्तलिखित वाचलं, नको असेल तर ‘साभार परत’ची चिठ्ठी लावून पाठवलं. लेखकाला राग यायचा, पण काय झालं ते कळायचं. चिठ्ठीखाली माझी सही असायची, भांडायला माणूस होता. तुमच्या बाबतीत जे झालं ते म्हणजे अंक छापायचा, गठ्ठे कुलपात ठेवायचे आणि लेखकाला ‘आपली कथा प्रसिद्ध झाली आहे’ असं कळवायचं. मराठीत लेखनावर गदा आली नाही असं नाही, पण ती उघड यायची. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ घ्या. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती आली, अश्लीलतेचा खटला झाला, लेखकाबरोबर प्रकाशकही आरोपी होता, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निकाल दिला. ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतले तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, जिंकले आणि ते सगळे दिवस ‘बाइंडरचे दिवस’मध्ये लिहून ठेवले. आक्षेप कागदावर होता म्हणून झगडा कागदावर झाला आणि आज आपण तो वाचू शकतो. तुमच्या बाबतीत आक्षेपच कुठे लिहिलेला नाही. मग कोणत्या न्यायालयात जाणार, आणि कशाविरुद्ध?

लेखिका : तुम्ही जी नावं घेतली ती छपाईपर्यंत आणि रंगमंचापर्यंत पोचलेल्यांची आहेत. पोचलेच नाहीत त्यांचं काय? मारेगाव, झरी, महागाव, आर्णी इथल्या किती बायकांची हस्तलिखितं तुमच्या टेबलावर आली? पत्ता कुठला लिहायचा, पाकिटाला तिकीट किती लावायचं, पुण्या-मुंबईच्या अंकात आपल्यासारखीचं चालतं का, इथेच त्यांचं लिहिणं थांबायचं. आणि सर, ‘साभार परत’च्या चिठ्ठीवर कारण कधी असायचं का? सही असायची, कारण नसायचं. अ‍ॅपमुळे दार उघडलं हे मान्य करा. बंगळुरूमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपि’सारख्या मंचावर आज बारा भारतीय भाषांत लोक लिहितात, त्यात मराठी आहे. मधे संपादक नाही. रात्री भांडीकुंडी आवरून बाई फोनवर भाग लिहिते, प्रकाशित करते, आणि सकाळी चूल पेटायच्या आत तिला कोल्हापूरच्या वाचकाची कॉमेंट आलेली असते. पण दार सगळ्यांना उघडलं की सगळंच आत येतं. दुसऱ्याची कथा नाव बदलून आपली म्हणून टाकणारे येतात, जातीवरून शिव्या देणारे येतात. माझ्या एका शृंगाराच्या प्रसंगाखाली एकाने, तुम्ही स्वतः असंच वागता का, असं विचारलं होतं. दुसऱ्याने गाव विचारलं, तिसऱ्याने नंबर मागितला. मग तिघेही रोज, प्रत्येक भागाखाली. मी रिपोर्ट केलं, ती खाती बंद झाली. तेव्हा मला कारण मागावंसं वाटलं नाही. तिथे झाडू मारणारं कुणी नसतं तर मी लिहायचीच थांबले असते.

संपादक : झाडू मारायला माझी ना नाही. शिवीगाळ, चोरी, लहान मुलांविषयीचं घाणेरडं लिखाण, हे काढा आणि ताबडतोब काढा. तुम्ही बाईच्या सुरक्षिततेचं बोललात म्हणून आपल्याकडचाच एक दाखला देतो. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. महाराष्ट्रात वादळ उठलं, ही कोण बाई याचा शोध लोक घेऊ लागले. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी पुस्तक लोकांपुढे ठेवलं आणि पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या लेखिकेचं नाव झाकून ठेवलं. प्रकाशकाने काय करावं याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. अ‍ॅपने तुमच्या बाबतीत नेमकं उलट केलं. तुमचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे, मानधनासाठी बँक खातं आणि पॅन त्यांच्याकडे, कुठल्या भागावर किती वेळ थांबता तेही त्यांच्याकडे. बाई त्यांना पूर्ण दिसते, वाचकाला गोष्ट दिसत नाही.

लेखिका : हे खरं आहे. मला स्वतःला दिसायचंच नाही, गोष्ट दिसायला हवी. मी टोपणनावाने लिहिते, सासरी अजून माहीत नाही. अ‍ॅपने माझं खरं नाव आजवर कुणाला सांगितलेलं नाही, हेही मी नोंदवते. पण अ‍ॅपच्या जागी उभं राहून बघा. रोज किती भाग पडतात आणि उद्या एखाद्या भागावरून पोलीस दारात आले तर?

संपादक : पोलीस अ‍ॅपच्या दारात सहसा येत नाहीत, ताई, तुमच्या दारात येतील. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मंचाला संरक्षण देतं : मजकूर दुसऱ्याचा, आम्ही फक्त जागा दिली. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं आणि हेही स्पष्ट केलं की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर मजकूर हटवला नाही तरच मंच अडचणीत येतो. म्हणजे तुमचा भाग लपवण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केलेली नव्हती. त्यांनी ते स्वतःच्या धोरणाने केलं. त्याच वर्षी मे महिन्यात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवर निकाल आला. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या वार्तापत्रात ती छापली गेली होती. प्रकाशकाने माफी मागितली होती म्हणून त्याला आणि मुद्रकाला मोकळं केलं, कवीला मात्र खटल्याला सामोरं जावं लागेल असं सांगितलं. छापणारा सुटतो आणि लिहिणारा उरतो. जोखीम तुमची असेल, तर गोष्ट दिसते की नाही हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

लेखिका : कळलं पाहिजे, मान्य. पण तुमच्या-माझ्यात खरा वाद त्या पर्यायाचा आहे. तुम्ही तो अजून टाळताय.

संपादक : टाळत नाही, मला त्याची भीती वाटते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशात कशासाठी घेतलं जातं ते तुम्हाला सांगायला नको. छापील कथेत बाई त्या कोपऱ्याकडे गेली तर लेखक तिला नेतो, वाचक मागून जातो. तुमच्या गोष्टीत वाचकाचं बोट तिला नेतं. रात्री दोन वाजता राळेगावातला एखादा कर्जात बुडालेला पोरगा तो भाग वाचतोय आणि पडद्यावर चार पर्यायांत तो एक आहे. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात याविषयी जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वं आहेत, भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्यांच्या आधारे सूचना दिल्या : ठळकपणे देऊ नका, पद्धतीचं वर्णन करू नका, मदत कुठे मिळेल ते सांगा. मी तुमचा संपादक असतो तर तुमचा तो पर्याय छापला नसता. एवढ्यापुरता मी यंत्राच्या बाजूने आहे.

लेखिका : तो पर्याय निवडला की पुढे काय येतं ते तुम्ही वाचलंत का? मरण नाही येत. तिथे एक वर्णनही नाही. तिथे थेट महिन्यानंतरचं तहसील कार्यालय येतं. समिती बसलेली आहे, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवायचं आहे, एक लाखाची मदत त्यावर अवलंबून आहे. सातबारावर तिचं नाव नाही. जन्मभर कापूस वेचला, निंदण केलं, डोक्यावर पाणी वाहिलं, पण कागदावर ती शेतकरीच नाही, म्हणून तिचं प्रकरण अपात्र. नवऱ्याच्या हातात एक पत्र पडतं. आणि त्या पानावरून वाचकाला मागे फिरावं लागतं, दुसरी वाट निवडावीच लागते, कारण त्या वाटेवर पुढे काही लिहिलेलंच नाही. हा मार्ग कुठेही जात नाही हे सांगायला मला तो उघडावा लागला. दार नुसतं झाकून ठेवलं असतं तर वाचकाला वाटलं असतं की लेखिका घाबरली. जिवंतपणी ती सातबारावर दिसत नाही, मेल्यावर मोजणीत दिसत नाही. हेच मला लिहायचं होतं. आणि नेमका तोच भाग अ‍ॅपनेही दिसेनासा केला.

संपादक : हे मी वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी एक हरकत राहिली असती. पर्याय आधी दिसतो, तहसील नंतर. ज्याने पर्याय बघितला आणि फोन खाली ठेवला, त्याच्यापर्यंत तुमचं तहसील पोचलंच नाही.

लेखिका : ही हरकत मला पटते. हे मला कुणी सांगायला हवं होतं. पर्यायाचे शब्द बदला, आधी एक इशारा द्या, टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक पानावर ठेवा, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्या रात्री बसून भाग पुन्हा लिहिला असता. तुम्ही आत्ता जे केलंत ते संपादन आहे. तुम्ही विरोध केलात आणि मला सुधारायचं काय ते दिलंत. अ‍ॅपने काहीच दिलं नाही.

संपादक : आणि देणार कोण? तिथे वाचणारा माणूस तरी होता का, आणि असला तर त्याला आपली बोली येत होती का? इकडे ‘त्यानं औषध घेतलं’ म्हटलं की गावातलं पोर दचकतं. पुण्याच्या माणसाला ताप आला असेल असं वाटेल, यंत्राचं तर विचारूच नका. म्हणजे ज्या वाक्याने थांबायला हवं ते वाक्य बिनधास्त पुढे जाऊ शकतं. उलट २०१७ च्या हंगामात आपल्याकडे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यावर कुणी प्रामाणिक कथा लिहिली तर तिच्यात विष, मृत्यू, औषध हे शब्द पानोपानी येणार आणि तीच अडकणार. परदेशातही हेच झालं. ‘एआय डंजन’ नावाचा खेळ आहे, वाचक लिहितो आणि यंत्र कथा पुढे नेतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मुलांच्या लैंगिक शोषणाचं लिखाण अडवायला फिल्टर लावला. हेतू निर्विवाद चांगला. पण आठ वर्षं जुन्या लॅपटॉपचा उल्लेखही त्यात अडकू लागला, आणि लोकांच्या खासगी कथा कंपनीची माणसं वाचू शकतात हे कळल्यावर वापरणारे खवळले. ही इंग्रजीची गत. वऱ्हाडीची, गोरमाटीची, कोलामीची काय असेल? पांढरकवड्याकडच्या एखाद्या कोलाम पोराने आपल्या बोलीत गोष्ट लिहिली तर ती तपासायला त्या कंपनीत एक तरी माणूस सापडेल का?

लेखिका : नसेल. म्हणून मी म्हणते, माणसं नेमा, त्या त्या भागातली नेमा. तुमच्यासारख्या निवृत्त संपादकांना हे काम द्या. पण तोवर यंत्र बंद ठेवा असं मला म्हणता येत नाही. माझ्या कॉमेंटमधल्या त्या तिघांना मी विसरलेले नाही.

संपादक : बरं. मग मला एवढंच सांगा, काढून टाकणं आणि खाली ढकलणं यात तुम्ही फरक करता की नाही?

लेखिका : करते, पण तुमच्याएवढा सोपा नाही. कुणाला वाचक मिळवून देणं हे कुणाचंच देणं नाही. माझ्या कथेला पहिल्या पानावर जागा मिळालीच पाहिजे असा हक्क मी कुठून आणू? आणि या वादात यवतमाळकरांनी जरा जपून बोलावं. जानेवारी २०१९ मध्ये इथे ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग निमंत्रण मागे घेतलं. तेव्हा तुम्हीच म्हणत होतात की व्यासपीठ कुणाला द्यायचं हा यजमानाचा अधिकार, त्यांच्या लिहिण्या-बोलण्यावर कुणी बंदी घातलेली नाही. अ‍ॅप आज शब्दशः हेच म्हणतं : तुमची गोष्ट आम्ही काढलेली नाही, फक्त पुढे केली नाही.

संपादक : म्हणालो होतो, आणि निमंत्रण देऊन मागे घेणं चूक होतं हेही तेव्हाच म्हणालो होतो. पण त्या प्रकरणात काय काय झालं ते नीट आठवा. निमंत्रण मागे घेतलं हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली. संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी त्याच मांडवात, अध्यक्षीय भाषणात त्यावर नापसंती व्यक्त केली. आणि सहगलांचं न झालेलं भाषण मराठीत येऊन गावोगावी वाचलं गेलं. मांडवात जेवढ्यांनी ऐकलं असतं त्याहून कितीतरी जास्त लोकांपर्यंत ते गेलं. हे होऊ शकलं कारण नकार उघड होता. तुमच्या गोष्टीसाठी कोण राजीनामा देणार? कोण भाषांतर करून वाटणार? काही घडलं आहे हेच कुणाला माहीत नाही. तुमचे वाचक समजत असतील की तुम्ही लिहायचं सोडलं.

लेखिका : हो, एका वाचकाने मला तसंच विचारलं, बरं नाही का म्हणून. पण सर, त्या संमेलनातली आणखी एक गोष्ट तुम्ही गाळलीत. सहगलांच्या जागी उद्घाटनाला वैशाली येडे उभ्या राहिल्या. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ नाटकात काम करणाऱ्या. मराठी साहित्याच्या त्या व्यासपीठावर अशी बाई उद्घाटक म्हणून यापूर्वी कधी उभी राहिली होती? एकीला झाकताना दुसरी दिसली. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली याच यवतमाळात संमेलन झालं, तेव्हा अशा बाईला कुणी मंचावर बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणून मला कुणी विचारलं की हे दिसणं न्यायाचं होतं की झालेल्या चुकीवर घातलेलं पांघरूण, तर मला दोन्ही म्हणावं लागतं, आणि त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही. अ‍ॅपवरही तेच आहे. माझी गोष्ट खाली गेली तेव्हा तिच्या जागी कुणाची तरी वर आली. ती कदाचित पुसदच्या एखाद्या मुलीची पहिलीच गोष्ट असेल.

संपादक : असेल, किंवा ज्या गोष्टीवर वाचक जास्त नाणी उधळतात तिची असेल. इथे नियम काय म्हणतात ते बघण्यासारखं आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावला, आणि ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मोठ्या समाजमाध्यमांवर जादा जबाबदाऱ्या टाकल्या. त्यातल्या दोन तुमच्या कामाच्या. पैसे घेऊन एखादा मजकूर वर आणला तर तो प्रायोजित आहे असं दाखवावं लागतं. आणि आपणहून एखादा मजकूर काढला तर लेखकाला आधी कारणासह कळवावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. वर आणलं तर सांगा, काढलं तर सांगा. खाली ढकललं तर? त्याबद्दल तसं कलम नाही. युरोपीय संघाने ही फट बुजवली. २०२४ च्या फेब्रुवारीपासून पूर्ण लागू झालेल्या त्यांच्या डिजिटल सेवा कायद्यात मजकूर हटवला तरच नाही, त्याची दृश्यता कमी केली तरीही लेखकाला कारण लेखी द्यावं लागतं, आणि निर्णय यंत्राने घेतला का तेही सांगावं लागतं. लहान कंपन्यांनाही त्यातून सूट नाही. आपल्याकडे एवढं एक कलम आलं तरी मी तुमच्या अ‍ॅपला असलेला विरोध सोडेन.

लेखिका : कलम आलं की दुसऱ्या दिवशी चोरटे शहाणे होतील. कुठल्या शब्दाने गोष्ट खाली जाते हे कळलं की तो शब्द मोडून लिहितील. जातीवरच्या शिव्या अक्षरं बदलून टाकतात, हे मी रोज बघते. शिवाय खाली म्हणजे कशाच्या खाली? हजारो गोष्टींच्या यादीत प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी खालीच असते. आज दहावी, उद्या दोनशेवी. प्रत्येक उतरणीचं पत्र पाठवायचं का?

संपादक : नाही. आणि तुमच्या या प्रश्नाने मला माझा मुद्दा नीट मांडता येईल. पहिल्या पानावर कुणाला घ्यायचं ही निवड आहे. त्याचं कारण मी कधी दिलं नाही, अ‍ॅपनेही देऊ नये. पण तुमच्या फॉलोअरने स्वतः बटण दाबून सांगितलं आहे की या बाईचा पुढचा भाग आला की मला कळवा. त्याला न कळवणं ही निवड नव्हे. वर्गणीदाराने पैसे भरले, त्याचा अंक टपालात टाकलाच नाही, यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही. नाव टाइप करून शोधणाऱ्याला गोष्ट न दाखवणंही तसंच. ज्याने मागितलं त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचं नसेल, तर तिथे कारण दिलंच पाहिजे, लेखकाच्या भाषेत दिलं पाहिजे आणि त्यावर अपील पाहिजे. बाकी यादीत वर-खाली काय करायचं ते करा.

लेखिका : ही रेघ मला आवडली. तरी ती पुरी पडत नाही. ज्याने मागितलं तो सोळा वर्षांचा असला तर? मघाशी तुम्हीच रात्री दोन वाजताच्या त्या पोराविषयी बोललात. तो माझा फॉलोअर असू शकतो. त्याला सूचना जावी असं आता तुमचंच म्हणणं झालं.

संपादक : झालं खरं. आणि मी ते मागे घेत नाही, पण त्या पोराची काळजीही मला सोडता येत नाही.

लेखिका : त्यावर एक वाट आहे, ती अर्धीच आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ नावाचा एक संग्रह २००९ पासून चालतो. स्वयंसेवक चालवतात, देणगीवर चालतो. तिथे लेखकाने आपल्या कथेवर स्वतः इशारे लावायचे : हिंसा आहे, मृत्यू आहे. नको असेल ते वाचकाने गाळायचं. कुणाला वर आणणारं यंत्र तिथे नाही, ताजी गोष्ट आधी दिसते. २०१९ मध्ये त्या संग्रहाला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण तिथे लेखकाला एक पैसा मिळत नाही. मला मिळतात त्या थोड्या पैशांत घरातलं काही ना काही येतं. पैसे आले की जाहिरात आली, वर्गणी आली, आणि कोण वर कोण खाली हा हिशोबही आला. मालतीबाई १९८१ मध्ये मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. मुख्य मांडवाशी जमत नसेल तर दुसरा मांडव घालायचा, ही आपली जुनी रीत. पण मांडव घालायला गावातली चार माणसं पुरतात. अ‍ॅप घालायला काय लागतं ते मला ठाऊक नाही, आणि माझे वाचक तर या मांडवात बसलेले आहेत.

संपादक : मग पुढचा भाग?

लेखिका : लिहिलाय. तो पर्याय ठेवलाय. आधी इशारा टाकलाय, क्रमांक टाकलाय, शब्द बदललेत. आता तिथे ‘गोठ्याकडे जा’ एवढंच आहे. तक्रार अधिकाऱ्याला मराठीत पत्र पाठवलंय, गोष्ट शोधात का येत नाही ते विचारलंय. उत्तर आलं तर तुम्हाला दाखवते.

संपादक : आणि नाही आलं तर?

लेखिका : त्यांच्या वेळेत नाही आलं तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाईन, ती सोय २०२३ पासून सुरू आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही, कारण माझी गोष्ट काढलेलीच नाही, मग तक्रार कशाची, असं ते म्हणू शकतात. तोवर वाचकांकडे माझी एकच मागणी आहे. आवडत्या लेखिकेचा पुढचा भाग फोनवर आला नाही, तर ती लिहायची थांबली असं धरून चालू नका. यादीत येण्याची वाट पाहू नका. जुनी लिंक ठेवली असेल तर तिच्यावरून तिचं पान स्वतः उघडा, आणि वाचलंत तर खाली दोन ओळी लिहा.